पाच म्हणजे छान

जिल्ह्याच्या शाळा कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून एक खोली आहे. तिच्या दारावर पाटी नाही, आणि पाटीची कधी गरजही पडली नाही. कुणी येऊन "तक्तेबाई कुठे बसतात?" असं विचारलं, की खालचा पहारेकरी वर्तमानपत्रातून डोकं न काढता नुसतं बोट वर करतो. आत दोन लोखंडी कपाटं, एक संगणक, घसा खाकरल्याशिवाय कामाला न लागणारा प्रिंटर आणि भिंतभर तक्ते. कोणत्या शाळेतली मुलं वाचनात मागे आहेत, कुठली भागाकारात अडकतात, कुठे सोमवारी निम्मे बाक रिकामे असतात, सगळं त्या भिंतीवर.

बाईंचं खरं आडनाव पगारपत्रकात असेल, पण हाक मारायला ते कुणी वापरत नाही. घरीही तीच तऱ्हा. विजेच्या बिलाचा आलेख फ्रिजच्या दारावर, त्याच्या शेजारी नवऱ्याच्या रक्तदाबाचा. नवरा शिवणयंत्रं दुरुस्त करणारा, शांत डोक्याचा माणूस. तो आल्यागेल्याला सांगायचा, "आमच्या संसाराचाही तक्ता असणार हिच्याकडे. मला दाखवत नाही, म्हणजे रेघ खालीच चालली असणार."

कार्यालयात येण्याआधी तक्तेबाईंनी बरीच वर्षं गणित शिकवलं होतं. शिकवताना एक गोष्ट त्यांच्या डोक्यात बसली ती कायमची. मुलाला किती गुण पडले हे सगळे विचारतात, पण त्याला शाळेत कसं वाटतं हे कुणी विचारत नाही. गुण म्हणजे अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी मुलाच्या पोटात असते, आणि ती काढून घ्यायची तर त्यालाच विचारलं पाहिजे. कार्यालयात आल्यापासून त्यांनी प्रत्येक साहेबाच्या मागे हाच धोशा लावला. एका साहेबांनी जांभई दिली. दुसऱ्यांनी "पोरांना काय कळतं?" म्हणून उडवून लावलं. शेवटी आत्ताचे साहेब आले आणि त्याच सुमाराला मुख्यालयातून फर्मान आलं, की मुलांचं मत घ्या. साहेबांनी तक्तेबाईंना बोलावून घेतलं. "बाई, तुमचं स्वप्न पूर्ण होतंय," असं म्हणाले, आणि बाई त्या दिवशी चक्क पेढे वाटल्यासारख्या तोंडाने घरी गेल्या.

आता साहेब वाईट माणूस होते असं मुळीच नाही. वाईट असते तर बरं झालं असतं, चार शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. गोड बोलायचे, वेळेवर यायचे, चहा स्वतःच्या हाताने पुढे करायचे. त्यांना रंगांची मात्र फार हौस होती. आकडा त्यांना दिसायचाच नाही, दिसायचा रंग. हिरवी शाळा चांगली, पिवळी मधली, लाल म्हणजे कारवाई.

तक्तेबाईंनी प्रश्नावली जीव लावून केली. सोपी वाक्यं. "मला शाळेत यायला आवडतं." "शाळेत मला भीती वाटते." "शाळेत प्यायला पाणी मिळतं." प्रत्येक वाक्यापुढे पाच चेहरे, पार रडक्यापासून ते दात काढणाऱ्यापर्यंत. चेहरे बाईंनी स्वतः काढले होते. आणि खाली एक कडक सूचना, की मुलं प्रश्नावली भरत असताना शिक्षकांनी वर्गाबाहेर जावं. बाई डोक्यावर उभी असेल तर पोर खरं कसं सांगणार?

साहेबांनी कागद पाहिला, मान डोलावली आणि चेहरे काढून टाकले. "पोरकट दिसतं हो. मुख्यालयात जायचंय हे. शिवाय एका पानात बसलं पाहिजे." चेहऱ्यांच्या जागी आकडे आले, एक ते पाच. एक म्हणजे अजिबात पटत नाही, पाच म्हणजे पूर्ण पटतं, हे वरती मुंगीएवढ्या अक्षरात. बाई म्हणाल्या, "साहेब, मुलं हे वाचणार नाहीत." साहेब म्हणाले, "वाचतील हो. वाचनाचा निकाल तर तुम्हीच चांगला दाखवलाय."

प्रश्नावल्या भरून आल्या, संगणकात गेल्या, रंग बाहेर पडले. जिल्हा बहुतेक हिरवा, मधूनमधून पिवळा, आणि एकच शाळा लालभडक. बस डेपोच्या मागची.

त्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणजे तक्तेबाईंची धाकटी जाऊ. घरात धाकटी, शाळेत मात्र मुलांच्या "मोठ्या बाई". दोघींचं नातं कसं होतं म्हणाल, तर भांडण नव्हतं आणि गळ्यात गळाही नव्हता. धाकटीचा आवाज दणदणीत. ती स्वयंपाकघरात बोलली की शेजारचे आपल्यालाच बोलावतायत समजून दार उघडत. शिस्तीची इतकी पक्की, की पाहुणी म्हणून आली तरी कपबशा आकाराप्रमाणे लावून जाई. डेपोमागची शाळा तिने हातात घेतली तेव्हा खिडक्यांना काचा नव्हत्या आणि मुलांना पाढे येत नव्हते. आता दोन्ही होतं. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती आणि तिचं एकच म्हणणं होतं, "मला याच शाळेच्या फाटकातून बाहेर पडायचंय. शेवटच्या दिवशी."

आढावा बैठकीत साहेबांनी पडद्यावरच्या लाल चौकोनावर काठी टेकवली.

"हे बघा. या शाळेचे परीक्षेतले गुण उत्तम. आणि मुलं काय म्हणतात? शाळा आवडत नाही. भीती वाटते. बाईंशी बोलता येत नाही. याचा अर्थ काय?" त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "मुलं घाबरून अभ्यास करतायत. गुण चांगले का आहेत ते आता कळलं. हे दहशतीचे गुण आहेत!"

सगळ्यांनी माना हलवल्या. कारण खरं सांगायचं तर ते पटण्यासारखंच होतं. दोन तक्ते एकमेकांत कुलूपकिल्लीसारखे बसले होते. तक्तेबाईंनासुद्धा पटलं. पूर्ण नाही, पण त्या संध्याकाळपुरतं पटलं. धाकटीचा तो आवाज, ती शिस्त. मुलं घाबरत असतील बाई, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्याच्या मागोमाग एक बारीकसा आनंदही येऊन गेला. कपबशा लावते काय माझ्या घरात! नवऱ्याला त्या म्हणाल्याही, "मुलं खोटं बोलत नाहीत." नवऱ्याने यंत्राच्या पुर्ज्यावरची नजर न काढता विचारलं, "आणि कागद?"

बातमी फुटायला वेळ लागला नाही. धाकटीचं मुख्याध्यापकपद काढून तिला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला साधी वर्गशिक्षिका म्हणून पाठवायचं घाटतंय, हे तिच्या कानावर गेलं आणि ती तशीच तक्तेबाईंच्या दारात येऊन उभी राहिली. बसायला सांगितलं तरी बसली नाही.

"वहिनी, मुलं मला घाबरतात असं तुम्ही लिहून दिलंत?"

"मी नाही गं लिहिलं. मुलांनीच लिहिलंय."

"कुठल्या मुलांनी? माझ्या? जी मधल्या सुट्टीत माझ्या खोलीत येऊन माझ्याच खुर्चीत बसतात, त्यांनी?"

"आकडे तसे आलेत."

"आकडे तुमच्याकडे आपोआप येतात होय? इतकी वर्षं घरात मला सहन केलंत, ते आता कागदावर काढलंत." तिचा आवाज त्या दिवशी अजिबात मोठा नव्हता. "सगळ्या जिल्ह्यात माझ्या एकटीच्या शाळेने तुमची सूचना पाळली असेल. मी आणि माझ्या शिक्षिका, आम्ही सगळ्या वर्गाबाहेर जाऊन पटांगणात उन्हात उभ्या राहिलो. डोकावूनसुद्धा पाहिलं नाही."

ती गेली. चहा तसाच निवला.

सकाळी तक्तेबाईंनी डेपोमागच्या शाळेचे सगळे कागद पुन्हा काढले. रागाने म्हणा, लाजेने म्हणा. आणि या खेपेला त्यांनी भीतीचे प्रश्न बाजूला ठेवून साधे प्रश्न पाहिले. "शाळेत प्यायला पाणी मिळतं." एक. एक. एक. पानामागून पान, एकावर गोल. म्हणजे शाळेत पाण्याचा थेंब नाही! आणि साहेबांच्या केबिनमध्ये, खुर्चीच्या बरोबर मागे, फोटो लटकत होता. डेपोमागची शाळा, नवे नळ, फीत कापणारे खुद्द साहेब.

बाईंनी पर्स उचलली आणि थेट शाळा गाठली. फाटकातून आत गेल्या तर नळाखाली तोंड लावून एक मुलगी पाणी पीत होती. ओल्या हनुवटीनेच तिने वर पाहिलं.

"शाळा आवडते का गं तुला?"

"हो."

"मग त्या कागदावर एकावर गोल का केलास?"

मुलीने, मोठी माणसं कधीकधी किती मठ्ठ असतात, अशा नजरेने पाहिलं. "आवडते म्हणूनच की." आणि दप्तरातून वही काढून दाखवली. गृहपाठाच्या प्रत्येक पानाखाली मोठ्या बाईंचा लाल आकडा. "एक म्हणजे मस्त. पाच म्हणजे सगळं परत लिहून आणायचं. मला पाच फक्त एकदाच मिळालेत," ती घाईघाईने म्हणाली.

एवढंच होतं. धाकटी वर्षानुवर्षं वह्या अशाच तपासत होती, आणि तिचं पाहून तिच्या शिक्षिकाही. त्या शाळेतल्या पोरांच्या जगात एकाहून चांगला आकडा नव्हता. त्यांनी आपल्या शाळेला, आपल्या बाईंना, आपल्या नळालासुद्धा जीव ओतून एक-एक दिला होता. "भीती वाटते" याला मात्र भरभरून पाच, म्हणजे मुळीच नाही. आणि बाकीच्या शाळांत? तक्तेबाईंनी ओळखीच्या शिक्षकांना फोन लावले. सगळे हसत म्हणाले, "अहो, आम्ही वर्गातच होतो. मुलांना सांगितलं, पाच म्हणजे छान. करा पाचावर गोल. भीतीला तेवढा एक." सूचना मोडणारे सगळे हिरवे, आणि जिने ती पाळली ती लाल.

तक्तेबाई साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या तेव्हा धापा टाकत होत्या. त्यांनी सगळं सांगितलं. वह्या, आकडे, उलटी मोजणी. मग हुकमाचं पान टाकल्यासारखा नळाचा प्रश्न समोर ठेवला. "साहेब, या शाळेतल्या सगळ्या मुलांनी लिहिलंय, पाणी मिळत नाही. तुमच्या मागे फोटो आहे बघा. फीत तुम्हीच कापलीत."

साहेबांनी वळून फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. बाईंना वाटलं, पेटला दिवा.

"म्हणजे नळ बिघडले," साहेब म्हणाले. "इतक्यात? कमाल आहे." आणि त्यांनी फोन उचलून प्लंबरला सांगितलं, की उद्याच्या उद्या डेपोमागच्या शाळेत जा.

तक्तेबाईंनी कपाळाला हात लावला. "साहेब, नळ चालू आहेत! मी आत्ता पाहून आले. मुलं पीत होती."

"मग तर काळजीच नको."

"अहो, पण मग मुलांनी एक का लिहिला?"

"बाई," साहेबांनी चहा त्यांच्यापुढे सरकवला, "तुम्ही दमलायत. आणि एक सांगू का, रागावू नका. त्या मुख्याध्यापिका तुमच्या कोण लागतात, ते मला ठाऊक आहे. तुमच्या जागी मी असतो तर या प्रकरणात तोंड उघडलं नसतं. लोक काय म्हणतील?"

"लोकांचं राहू द्या. पुन्हा विचारा मुलांना. एकदाच. चेहरे लावून."

"सर्वेक्षण वर्षातून एकदाच. मुख्यालयात अहवाल गेलासुद्धा."

बाईंनी लेखी दिलं. उत्तर आलं नाही. पुन्हा दिलं. मग उत्तर आलं, की आपली सूचना पुढील वर्षासाठी नोंदवून घेतली आहे. प्लंबर मात्र ठरल्या दिवशी शाळेत जाऊन आला. सगळे नळ उघडून पाहिले, बंद केले, आणि "तक्रारीचे निवारण झाले" अशी सही देऊन गेला. तक्तेबाईंना वाटलं, या कार्यालयातली प्रत्येक भिंत आपल्या डोक्याने फोडावी. इतकी वर्षं त्या सांगत आल्या होत्या, मुलांना विचारा, मुलांना विचारा. विचारलं. मुलांनी जीव तोडून सांगितलं. आणि ते ऐकताना सगळ्यांनी कागद उलटा धरला होता!

धाकटीची बदली झाली. शेवटच्या दिवशी फाटकातून बाहेर पडायचं तिने ठरवलं होतं, तशी ती पडली, फक्त काही वर्षं आधी. तक्तेबाई मुद्दाम गेल्या होत्या. मुलं फाटकाला लोंबकळून रडत होती. साहेबांनी पाठवलेला माणूस हळूच म्हणाला, "भीती मुरलेली असते हो. जायला वेळ लागतो." तक्तेबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो डेपोच्या बाजूला सरकला.

पुढच्या वर्षी पुन्हा सर्वेक्षण झालं. डेपोमागच्या शाळेतले नवे मुख्याध्यापक चलाख गृहस्थ. ते वर्गात थांबले आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, पाच म्हणजे छान. मुलं गुणी होती. त्यांनी सांगितलं तसं केलं.

लाल चौकोन हिरवागार झाला.

मुख्यालयाच्या सभागृहात साहेबांचा सत्कार झाला. पडद्यावरचा आलेख तक्तेबाईंनीच काढला होता, कारण काढायला दुसरं कुणी नव्हतं. तळातून निघून थेट वर गेलेली रेघ. साहेब सांगत होते, "नेतृत्व बदललं, वातावरण बदललं. वर्षभरात मुलांच्या मनातली भीती गेली." टाळ्या. "आणि याचं श्रेय आमच्या तक्तेबाईंना. उठा बाई, दोन शब्द बोला."

तक्तेबाई उठल्या. माईक हातात घेतला. वर्षभर आत कोंडलेलं सगळं वर आलं होतं, आणि त्यातलं नेमकं काय आधी सांगावं हेच कळेना. "मुलं तीच आहेत," त्या म्हणाल्या. "शाळा तीच आहे. काहीही बदललेलं नाही. नुसता आकडा उलटा झालाय. नळाचा प्रश्न बघा. गेल्या वर्षी एक, यंदा पाच. नळ तर..."

"बरोबर!" साहेबांनी आनंदाने दुसरा माईक उचलला. "नळाचंही सांगायचं राहिलं. मुलांची तक्रार आली, आणि आम्ही दुसऱ्या दिवशी प्लंबर पाठवला. दुसऱ्या दिवशी! आकडे ऐकायचे असतात ते असे."

त्या दिवसातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या प्लंबरला पडल्या. मग कुणीतरी येऊन तक्तेबाईंच्या हातातला माईक हळूच काढून घेतला.

संध्याकाळी त्या घरी न जाता धाकटीकडे गेल्या. पिशवीत तोच आलेख घडी करून ठेवला होता. धाकटी जेवणाच्या टेबलावर नव्या शाळेतल्या वह्या तपासत बसली होती. तिने उठून खुर्ची पुसली, पाणी आणलं. बदलीनंतर ती तक्तेबाईंशी तुटक वागली नव्हती. रागावली असती तर बरं, इतकी नीट वागायची.

"हे बघ," तक्तेबाईंनी वह्यांवरच आलेख पसरला. "आता कुणी काही म्हणो, सिद्ध झालं. हा नळ. एकाचा पाच झाला, आणि नळात काडीचीही दुरुस्ती झाली नाही. म्हणजे बाकीचे आकडेही नुसते उलटे होते. मुलांना शाळा आवडत होती. तू आवडत होतीस. गेल्या वर्षीही ही रेघ इथेच होती, वर."

धाकटीने आलेख नीट पाहिला. नळाच्या रेघेवरून बोट फिरवलं.

"नळाचं कळलं, वहिनी," ती म्हणाली. "ते मला तेव्हाही कळलं होतं, तुम्ही सांगितलंत तेव्हा. पण माझा आवाज मोठा आहे हे तर खरंच ना?"

"अगं, त्याचा इथे काय संबंध?"

"एक मुलगा होता. मी वर्गात शिरले की ताठ बसायचा. पेन्सिलसुद्धा खाली ठेवायचा. मला वाटायचं, किती शहाणं पोर आहे. आता पडल्या पडल्या तोच डोळ्यांपुढे येतो." तिने वर पाहिलं. "घाबरत असेल का हो तो?"

"नाही गं."

"तुम्हाला काय माहीत?"

तक्तेबाईंना ती पहिली संध्याकाळ आठवली, मुलं घाबरत असतील बाई, असं स्वतःशी म्हटलेली, आणि लाजेने त्यांचे कान तापले. भिंतभर तक्ते होते त्यांच्याकडे. या एका प्रश्नाचं उत्तर त्यातल्या एकातही नव्हतं, आणि ज्या पोराने ते एकदा दिलं होतं, त्याला आता शोधून कुठून आणणार?

धाकटीने आलेखाची घडी घालून तो बाजूला ठेवला आणि पुढची वही ओढली. अक्षर सुरेख होतं. तिने वाचलं, खूश होऊन मान हलवली आणि खाली लाल पेनाने झोकात एक लिहिला. मग थांबली. तो आकडा खोडला आणि शेजारी, सावकाश, पाच काढला.

"आता चांगल्याला पाचच देते," ती म्हणाली. "हात अजून ऐकत नाही."